न दिसणारा शत्रू

मुंबईहून तापाच्या साथीच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा करवंदगड संस्थानच्या पलटणीत एकही माणूस आजारी नव्हता. पलटणीचे डॉक्टर मोरोपंत आठल्ये मात्र सांगून सांगून थकले होते. एकेका बराकीत साठ शिपाई खाटेला खाट लावून झोपत, आणि साऱ्यांसाठी रांधणारा आचारी एकच. खाटा एकमेकींपासून लांब ठेवा, निम्मी माणसं तंबूत हलवा, आणखी चौघांना रांधायला शिकवा, असं त्यांनी तीनदा लिहून कळवलं होतं. चौथ्यांदा ते थेट दरबारात उभे राहिले.

महाराजांसमोर सरलष्कर हैबतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "डॉक्टर, माझे शिपाई शिंकेला भीत नाहीत. तुमचा हा शत्रू आहे कुठे? आधी दाखवा, मग छावणी हलवतो."

दरबार हसला. डॉक्टरांच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "सरलष्कर, गडाच्या बुरुजांवर चाळीस वर्षं अहोरात्र पहारा आहे. तेवढ्या काळात शत्रू किती वेळा दिसला?"

"एकदाही नाही!" हैबतराव अभिमानाने म्हणाले.

"मग आजच पहारा उठवा. शत्रू दिसला की पुन्हा बसवू."

हसणं थांबलं. महाराजांनी सरलष्करांकडे पाहिलं. हैबतरावांनी घसा खाकरून विचारलं, "दोन खाटांत अंतर किती ठेवायचं?"

"चार हात," डॉक्टर म्हणाले, आणि महाराजांना मुजरा करून बराकीकडे निघाले. निम्म्या खाटा दिवस मावळायच्या आत हलवायच्या होत्या.