इंजिन तासायचा हुकूम

“येसबा, हे डिझेलचं इंजिन तासून पेट्रोलच्या इंजिनाइतकं हलकं कर. नाहीतर भाता गुंडाळ आणि उंबरगड सोड!”

हा हुकूम उंबरगडच्या राजेसाहेबांचा. त्यांच्या दोन मोटारी. एक पेट्रोलची, दुसरी नवी, डिझेलची. दुरुस्तीला काढलं तर डिझेलचं इंजिन उचलता उचलेना. राजेसाहेबांनी शोध लावला, की विकणाऱ्यानं जास्तीचं लोखंड गळ्यात मारलं. लोखंड फुकट वाटणारा व्यापारी जगात पहिल्यांदाच जन्मला होता, पण हे बोलणार कोण? दिवाणजींना पगारच मुळी ‘हो सरकार’चा.

येसबा लोहार डोकं धरून घरी बसला. तासावं तर इंजिन फुटणार, न तासावं तर गाव सुटणार. भट्टीवर त्याच्या हाताखाली राबणारी लेक हौसा म्हणाली, “आबा, कानस राहू द्या. मी वाड्यावर जाऊन येते.”

राजेसाहेबांना मिरचीचा ठेचा स्वतः कुटायची भारी हौस. दुसऱ्याचा हात म्हणे त्यांना चालत नसे. दुपारी ते पाटावर बसले, तर दगडी खलाच्या जागी हौसानं मातीचं बोळकं ठेवलेलं. राजेसाहेबांनी सवयीनं बत्ता हाणला. बोळक्याच्या खापऱ्या झाल्या आणि मिरची थेट राजमिशीत!

“कार्टे, हा काय खल आहे?”

“हलका आहे, सरकार. दगडी खलात कुणीतरी जास्तीचा दगड घातला होता.”

“अगं, त्यात दणके घालायचे असतात!”

“मग डिझेलच्या इंजिनात काय आरती करतात? पेट्रोलला पेटायला ठिणगी मिळते, म्हणून तिथं दाबायचं काम बेताचं. डिझेलला कोण देतं ठिणगी? ते आतली हवाच इतकी दाबतं, की ती भट्टीसारखी तापते आणि तेल आपसूक पेटतं. सायकलीत हवा भरताना पंप तापतो ना, तसंच, पण कितीतरी जोरात. एवढा दाब सोसायचा तर अंग जाड नको?”

राजेसाहेबांनी हातातला बत्ता खाली ठेवला. दिवाणजींना मात्र पगाराची आठवण झाली. “पण सरकारांचा हुकूम आहे. तासलं तर हलकं होईलच की!”

“होईल ना. आबा आजच तासतील. फक्त मोटार चालू करताना दिवाणजींनी बॉनेटवर बसायचं.”

दिवाणजी पांढरे पडले. “सरकार, तसं बघितलं तर... इंजिन आहे तेच सुबक आहे.”

राजेसाहेब असे हसले की मिशीतली मिरची डोळ्यात गेली. पाणी पुसत म्हणाले, “हुकूम मागे! पोरी, माग काय मागायचं ते.”

“आबांच्या भट्टीला नवा भाता द्या, सरकार. पण आधी मिशी धुवा.”