एक रेघ जास्त

एका उतारावरच्या गावात सुनेत्रा नावाची एक आई राहत होती. गॅस बंद केला की नाही, हे बघायला ती निम्म्या रस्त्यातून परत यायची. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायची.

तिची लेक जुई सायकलने शाळेत जायची. शाळा थेट उताराच्या पायथ्याशी. एकदा सुनेत्राने घरीच पुढचं चाक उघडून ग्रीस भरलं. त्या गडबडीत आसाभोवतीच्या वीस छर्‍यांपैकी एक घरंगळला आणि हरवला. तिने खिळे-स्क्रूंच्या डब्यातला तसाच दिसणारा दुसरा घातला. तेव्हापासून चाक अडखळायला लागलं.

"छर्रे नीट होईपर्यंत सायकल बंद," सुनेत्रा म्हणाली.

"आणि शाळेत? चालत?" जुईने तोंड फुगवलं.

डोळ्यांना सगळे छर्रे सारखेच दिसत होते. मग मायलेकी नेमाणेकाकांच्या दुकानात गेल्या. बारीक वस्तूची जाडी मोजायचा कॅलिपर हवा होता. पोलादी कॅलिपरची किंमत ऐकून सुनेत्राने तो हळूच खाली ठेवला. परवडणारे दोनच उरले. एक आकडे दाखवणारा, चकचकीत. दुसरा रेघांचा, मळकट.

"चकचकीत घ्या, सूनबाई. डोकं चालवायला नको."

सुनेत्राने त्याचा जबडा मिटला. आकडा शून्य. पुन्हा मिटला, तर दोन. तिसर्‍यांदा एक. मग मळकट कॅलिपर मिटला. त्यावर शून्याच्या पुढे एक रेघ दिसली.

"त्यात खोट आहे," काका म्हणाले. "मिटला तरी एक रेघ जास्त दाखवतो."

सुनेत्राने तो दहा वेळा मिटून पाहिला. दहाही वेळा एकच रेघ जास्त.

"आई, लोक बघताहेत!"

"सूनबाई, नवरा तरी एवढा पारखून घेतलात का?"

"तेव्हा हातात कॅलिपर नव्हता, काका," म्हणत तिने मळकट कॅलिपर घेतला.

घरी तिने एकेक छर्रा पुसून मोजला. दर वेळी एक रेघ वजा केली. एकोणीस सारखे भरले. विसावा दोन रेघा जाड निघाला. तिनेच घातलेला. काकांनी योग्य मापाचा छर्रा पैसे न घेताच दिला. "हा तरी न मोजता न्या!" म्हणाले. तिने तोही मोजला.

सोमवारी चाक सुरळीत फिरलं. उताराच्या तोंडाशी सुनेत्राचं सुरू झालं, "सावकाश जा. ब्रेक बघितलास? परत बघ. वळणावर घंटी वाजव."

जुई हसली. "आई, तूपण त्या कॅलिपरसारखीच आहेस. दर वेळी एक रेघ जास्त."

"म्हणजे माझं ऐकणार नाहीस?"

"ऐकते ना. एक रेघ वजा करून."

तिने ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि उताराला लागली.

तात्पर्य: चूक सगळ्यांतच असते. जी ठाऊक आहे आणि रोज बदलत नाही, ती वजा करता येते. अशा वस्तूवर विसंबावं, आणि अशा माणसावरही.