पलीकडची घंटा

विषय : नदीच्या पश्चिम काठावरची घंटा जागेवर ठेवण्याबाबत.
संदर्भ : श्रीमती डॉर्कस टिल्मन, नावाडीण, यांचा अर्ज.

फार वर्षांपूर्वी अमेरिकेतलं हॅलोवे लँडिंग हे शहर एवढं लहान होतं, की महापौर आणि न्हावी एकच गृहस्थ होते. शहर नदीच्या पूर्वेला, पूल नव्हता. पलीकडच्या काठावर एक घंटा टांगलेली होती. ती कुणी वाजवली, की डॉर्कसनं नाव घेऊन जायचं, हा नेम. पूर असो, बर्फ असो, तिची नाव कधी अडली नाही, असं म्हणतात.

तिचा नवरा एब्नर रेल्वेच्या कामावर पश्चिमेला गेला. पलीकडे उतरताना म्हणाला, "आलो की घंटा वाजवीन. दुसऱ्या कुणाला धाडू नकोस हं."

तेव्हापासून घंटा वाजली, की डॉर्कस केसांवरून हात फिरवून निघायची. पलीकडे उभा असायचा एखादा डुकरांचा व्यापारी. "बसा," म्हणायची, आणि त्याच्यामागच्या रस्त्यावर एकदा नजर टाकायची.

मग लोखंडी पूल झाला. आनंदात शहरानं तोफ उडवली. तोफ फुटली, पूल टिकला. नगरसभेनं ठरवलं, घंटा वितळवून महापौरांचा पुतळा करावा. डॉर्कस सभेत जाऊन उभी राहिली.

"बाई, आता पूल आहे," महापौर म्हणाले. "यजमान चालत येतील की!"

"त्यांना पूल कुठं ठाऊक? ते गेले तेव्हा नव्हता. ते घाटावरच येणार, घंटाच शोधणार."

"अहो, इतक्या वर्षांत एक पत्र नाही!"

"लिहायचा कंटाळा आहे त्यांना. वाजवायचा नाही."

सभा हसली. महापौर हसले नाहीत. "अर्ज द्या," म्हणाले. "निकाल लागेपर्यंत घंटेला कुणी हात लावणार नाही."

पानगळीत, धुक्याच्या एका संध्याकाळी घंटा वाजली. साऱ्या शहरानं ऐकली, असं म्हणतात. डॉर्कसनं केसांवरून हात फिरवला आणि नाव पाण्यात लोटली.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी नाव प्रवाहाच्या उलट, एकटीच घाटाला लागली. सगळी चिंब भिजलेली. फक्त बाकावर दोघांच्या बसण्याएवढी जागा कोरडी होती.

अर्जदार सुनावणीला हजर नाही, म्हणून निकाल देता येईना. निकाल नाही, म्हणून घंटा काढता येईना. पुतळा राहिला तो राहिलाच. आजही नगरपालिकेचा माणूस संध्याकाळी पलीकडे जातो, घंटेच्या कडीला तेल घालतो, वाटेवरचं गवत काढतो. घंटा मात्र वाजवत नाही, तो त्याचा अधिकार नव्हे. पुलावरून जाणारे लोक त्या वेळी केसांवरून हात फिरवतात. टक्कल पडलेलेसुद्धा.

अर्ज प्रलंबित आहे.