हिंगणदऱ्याचं उलटं जातं

पारावरचं हे जातं बघितलंत नव्हं? हात लावा, लावा, चावत नाही. खुंटा कसा गुळगुळीत झालाय बघा. तो बायकांच्या हातांनी नाही झाला. बाप्यांच्या हातांनी झालाय.

हिंगणदऱ्यात भाऊबिजेला भावाला पाटावर बसवत नाहीत, जात्यापाशी बसवतात. मोठा साहेब होऊन आला तरी पँट वर सारायची, मांडी घालायची आणि बहिणीसाठी दळायचं. तेही उलटं! मग ओवाळणी. पंगतीला पुरणपोळी मागाल तर बायका हसतील. इथं त्या दिवशी लापशीच. असं का, ते सांगते. गुडघे दुखत असतील तर पाय पसरा, गोष्ट काही पळून जात नाही.

फार मागं, गिरणीचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं तवा, ह्या गावात ठकुबाई नावाची सासू होती. जीभ अशी, की दारात विंचू आला तर तोच नांगी आवरून पळायचा म्हणे. तिच्या घरात हौसा सून म्हणून आली. हौसाचा नवरा गाडी घेऊन भाड्यावर जायचा, महिना महिना घरी नसायचा. आईबाप लहानपणीच गेलेले. माहेर म्हणजे एकटा भाऊ, खंडू. विहिरीच्या मोटेवर बैल हाकायचा. लग्न झाल्यापासून त्याला कधी यायला जमलं नव्हतं. त्या दिवाळीला मात्र सांगावा आला, बिजेला येतो.

हौसाच्या पायाला भिंगरी लागली. करंज्या तळताना कढई कलंडली, आणि तेल सांडलं तर सासू काय म्हणेल ह्या धाकानं तिनं ती उजव्या हातानं धरली. तेल वाचलं, तळहात गेला. असा भाजला, की मूठ मिटेना.

बिजेच्या दुपारी ठकुबाईनं गव्हाची पाटी तिच्यापुढं आदळली.

"सांजच्याला माझा भाऊ येतोय. पुरणपोळ्या व्हायच्यात. आधी दळण, मग तुमचं ओवाळणं."

"आत्याबाई, हात भाजलाय."

"देवानं दोन दिलेत. तापानं फणफणले तरी दळलंय मी. मला कुणी इचारलं न्हाई."

हौसा डाव्या हातानं ओढायला लागली. डाव्या हाताला कुठली सवय? खुंटा निसटायचा, जात्याची वरची पाळी थांबायची. आणि वेळ तर थांबत नव्हता. बिजेची कोर नखाएवढी. दिवस बुडाला की दिसते आणि बघता बघता डोंगराआड जाते. आधी तिला ओवाळायचं, मग भावाला. ती बुडाली की वर्षाची बीज गेली. आणि इतक्या वर्षांनी आलेला भाऊ न ओवाळता माघारी गेला, तर बहिणीच्या जिवाला वर्षभर घोर.

उन्हं कलताना खंडू आला. बगलेत हिरवं लुगडं, अंगाला बैलांचा वास. हौसानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"डाव्या हातानं पाणी? सासरी येऊन रीतभात इसरलीस व्हय गं?"

हौसा हसली. पदराखालचा हात आणखी आत ओढला. पण मोटेवरचा गडी तो. बैलाच्या चालीवरून खुराला काय झालंय ते ओळखायचा. त्यानं पदर बाजूला केला. हात बघितला. जातं बघितलं. पाटीतले गहू बघितले. लुगडं खुंटीवर टाकलं आणि जात्यापाशी मांडी ठोकली.

"दादा, उठ! गाव हसंल."

"हसू दे. किती दिवसांत हसलं नसंल बिचारं."

आता दळायचं तर गाणं पाहिजे. बायका ओव्या म्हणतात. ह्याला ओवी कुठली यायला? ह्याला येत होतं ते मोटेचं गाणं. तेच त्यानं खड्या आवाजात लावलं:

"ये मागं रं चांद्या, मोट बुडाली पाण्यात! चल पुढं रं सर्ज्या, वाफा तान्हेला रानात!"

घरातून मोट हाकल्याचा आवाज! आळीतली सगळी माणसं दाराशी गोळा झाली. पोरं खिडकीला लटकली. एक म्हातारी म्हणाली, "हौसे, ईर कवा खांदली गं सैपाकघरात?"

आणि खंडूनं जातं फिरवलं ते उलटं! जात्याला टाकी लावतात, खाचा पाडतात, त्या एका अंगानं फिरायला. उलटं फिरवलं की दाणा नुसता भरडतो. त्यात हा मुठीनं घास घालायच्या जागी ओंजळ ओतायचा. पाळीखालून भरड पडायला लागली, पोरी खेळतात त्या खड्यांसारखी.

हौसाला हे पहिल्याच फेऱ्याला कळलं होतं. पण ती बोलली नाही. बारीक पीठ काढायचं तर कोर बुडणार. भरड भराभरा निघते. तोंडात पदर कोंबून गप बसली, लबाड. पुढं सासू काय करील ह्याची भीती होती, तरी बसली. भाऊ ओवाळायचा होता तिला.

दिवस बुडाला. कोर दिसली. आणि त्याच वेळी ठकुबाई आत आली. पाटीत हात घातला, आणि घर दणाणलं.

"ह्याच्या पोळ्या लाटू का दगडं? माझा भाऊ वर्साचा एकदा येतो, त्याच्या पानात हे वाढू?"

हौसा उठून उभी राहिली. भाजलेला हात दोघींच्या मधे तसाच उघडा राहिला.

"आत्याबाई, जातं उलटं फिरतंय हे त्याला म्या सांगितलं न्हाई. काय बोलायचं ते मला बोला. त्याला ओवाळू द्या."

ठकुबाई पुढं काही बोलणार, तोच दारातल्या गर्दीतून तिचा भाऊ केरबा आत आला. पिकलेल्या मिशा, हातात काठी. तो कधीचा तिथं उभा राहून गाणं ऐकत होता म्हणे. त्यानं हौसाचा हात बघितला, मग काठी भिंतीला टेकवली आणि ठकुबाईचा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्याला जुने घट्टे होते. अंगठ्याच्या बुडाशी चामडं दगडासारखं झालेलं.

"ठके," केरबा म्हणाला, "मी दर वर्षी येतो, पाटावर बसतो, ओवाळणी टाकतो, पोळ्या हाणतो आणि जातो. त्या पोळीमागं हा हात हाय, हे आज बघतोय गं मी."

त्या बाईचा हात आयुष्यात कुणी असा बघितला नव्हता. विंचवाला पळवणारी बाई ती, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी.

केरबा गुडघे मोडत जात्याच्या पलीकडं बसला. "सरक रं पोरा. उरलेलं दोघं मिळून काढू. पर उलटंच फिरव, आता सरळ करून घोळ घालू नगंस."

दोघांनी खुंटा धरला. एक म्हातारा, एक तरणा, दोघंही मोटेचं गाणं म्हणत. पाटी संपली तवा कोर डोंगराच्या माथ्याला टेकलेली. ती तिथंच थांबली, बुडायची राहिली, असं सांगतात. खरं का खोटं ते चंद्राला विचारा, माझ्याकडं बघून हसू नका. पाट मांडायला, रांगोळी काढायला वेळ नव्हता. ठकुबाईनंच निरांजन पेटवलं आणि पहिल्यांदा सुनेच्या डाव्या हातात दिलं, वर आपल्या हाताचा आधार दिला. दोघींनी मिळून कोरीला ओवाळलं, मग जात्यापाशीच आपापल्या भावाला. पिठानं माखलेल्या कपाळांवर कुंकू काही टिकेना.

आणि हौसानं तिथल्या तिथं ओवी म्हटली:

"बंधू दळाया बसला, जातं फिरवी उलटं
भरड पडलं गं पीठ, मला सोन्याहून गोमटं"

भरडीची गूळ घालून लापशी केली. दारातली सगळी माणसं जेवून गेली. ते लुगडं खुंटीवर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ठकुबाईनं स्वतः घडी मोडून सुनेला नेसवलं. दळणाला पुढं दोघी समोरासमोर बसायला लागल्या. ठकुबाई गेली तवा हौसानंच सांगितलं, हे जातं घरात नको, पारावर ठेवा, गावाच्या सगळ्या लेकींचं होऊ द्या.

आजही बिजेच्या सांजेला इथं भावांची रांग लागते. आता बहिणींच्या हाताला घट्टे नसतात, तरी भाऊ आधी तिचा तळहात उघडून दिव्याशी धरतो. कुणाच्या बोटाला सुईच्या टोचण्या असतात, कुणाचा हात साबणानं सोललेला असतो. परवाच्या वर्षी एकीच्या हातावर कसलीच खूण नव्हती, हात नुसता गार होता. भावानं तो धरला आणि म्हणाला, "ताई, तुला काय झालंय?" तिनं दुसरा हातही त्याच्या हातात दिला. मागं एवढी रांग खोळंबली होती, पण एकानंही घाई केली नाही.