निनादचा लॅपटॉप आणि उलटणारा ड्रोन

मंडळी, ‘माल चोख आहे’ असं विकणारा म्हणतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

माझं दुकान मोटारी-बॅटऱ्यांचं. माल पोचवायला एकदा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ड्रोन क्लबात गेलो, तर तिथे उड्डाण गटाची निवड चाललेली. ड्रोन सगळेच जोडतात, पण स्पर्धेला जातो तो हाच गट. क्लबच्या सरांशेजारी गटप्रमुख निनाद सरनोबत लॅपटॉप घेऊन ऐटीत बसला होता. त्याने दिलेला ड्रोन प्रत्येक उमेदवाराच्या हातून जमीन सोडताच उलटत होता.

“ड्रोन मी स्वतः जोडलाय. दोष तुमच्या हातात आहे,” असं म्हणून निनाद नाव खोडायचा.

शेवटी मुक्ता लाटकर उठली. तिने ड्रोन नीट न्याहाळला आणि म्हणाली, “दादा, तुमचा लॅपटॉप मिटून द्या. त्याच्यावर ठेवून उडवू.”

“वेडी आहेस का? तुझ्या हातून उलटला तर स्क्रीन फुटेल.”

“मग रिमोट तुम्हीच घ्या. तुमच्या हातात तर दोष नाही ना?”

निनादने लॅपटॉप छातीशी कवटाळला.

“याचे दोन पंखे आपसांत बदललेत, म्हणून हा उलटतो,” मुक्ता शांतपणे म्हणाली, “आणि दादांना ते ठाऊक आहे.”

त्या पोरांच्या हातांना मीही मनात हसलो होतो. मुक्ताने पंखे जागच्या जागी बसवून ड्रोन छतापर्यंत नेला, आणि क्लबच्या सरांनी तिचं नाव गटात लिहिलं.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. हिशेब सचोटीने ठेवा, आणि आपली खोट दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नका.