उलटा पीळ

"…मग त्याला मठात ठेवायचं तरी कशाला, महाराज?"

त्र्यंबक तावातावाने बोलत होता. उमागिरी महाराज पायरीवर बसून घायपाताचा भिजवलेला वाख, दोर वळायचे तंतू, सोडवत होते. विहिरीचा दोर सकाळीच तुटला होता.

महाराज आता थकले होते. आज ना उद्या मठाच्या किल्ल्या त्र्यंबककडे जाणार, असं सगळे धरून चालले होते. त्र्यंबक तर सगळ्यांच्या आधीपासून. फक्त एक खडा दाताखाली येत होता, तो म्हणजे त्याचा गुरुबंधू भुजंग.

"पाऊस लांबलाय. मी म्हणतो, कणगीतलं धान्य राखून वापरू. तो म्हणतो, लोक उपाशी आहेत, पंगत वाढवू. मी दार लावलं की हा उघडतो. आजवर माझ्या एका गोष्टीला 'हो' म्हणाला नाही तो."

"मग?"

"त्याला दुसऱ्या मठात पाठवा. नाहीतर किल्ल्या त्यालाच द्या. मी जातो."

बोलून गेला खरा, पण जाणार कुठे? लहानपणापासून त्याला दुसरं घर माहीत नव्हतं.



महाराजांनी मूठभर वाख त्याच्यापुढे सरकवला.

"दोर वळ."

त्र्यंबकने जन्मात कधी दोर वळला नव्हता. पण 'येत नाही' हे शब्द त्याच्या तोंडातून सहसा निघत नसत. त्याने दोन पेड घेतले आणि मांडीवर तळव्याने पुढे पुढे वळले. पीळ छान बसला. मग दोन्ही पेड एकत्र धरले आणि पुन्हा पुढेच वळले, चांगला जोर लावून.

"झाला."

"सोड."

त्याने टोकं सोडली. दोर गर्रकन फिरला, उलगडला, आणि मांडीवर नुसता वाख उरला.

महाराजांनी तोच वाख उचलला. पेड त्यांनीही पुढेच वळले. दोन्ही एकत्र धरल्यावर मात्र त्यांचा तळवा मागे फिरला, स्वतःकडे. मग त्यांनी हात काढून घेतला. दोर उलगडला नाही, होता तसाच पडून राहिला.

"ओढ."

त्र्यंबकने ओढला. पायरीला पाय रोवून ओढला. जितकं ओढावं तितके दोन्ही पेड एकमेकांना घट्ट धरत होते.

त्याने दोर खाली ठेवला. भुजंगबद्दल काय काय बोललो ते आठवून त्याला लाज वाटली. डोळे भरून आले.

"चुकलो, महाराज. भुजंग इथेच राहू दे. आजपासून त्याच्याशी वाद नाही. तो म्हणेल त्याला मी 'हो' म्हणेन. शब्द देतो."

महाराजांनी दोराच्या टोकाला गाठ मारली. ती नीट बसली का ते पाहिलं.

"तसं केलंस," ते शांतपणे म्हणाले, "तर तुम्हां दोघांनाही घालवून देईन."