ईमन टोबिनची खाट

फार वर्षं झाली. तिकडे आयर्लंडात किलमोरा आणि बालिनार अशी दोन शेजारगावं होती. तिथे हर्लिंगचा खेळ चाले. टोकाला चपट्या काठीनं चेंडू हाणायचा आणि समोरच्या खांबांतून पार करायचा. किलमोरा कधीच जिंकलं नव्हतं.

त्या किलमोऱ्यात ईमन टोबिन नावाचा गडी होता. त्यानं हाणलेला चेंडू खाली येईस्तोवर बायकांचा चहा उकळून व्हायचा, असं म्हणतात. गावाला एकदा तरी जिंकवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण दोन्ही गावांची हद्द त्याच्या घरामधून जायची. आणि रीत अशी, की जो जिथे झोपतो, तिथला गडी.

सामन्याच्या आठवडाभर आधी, घरचे प्रार्थनेला गेलेले पाहून बालिनारच्या चौघांनी ईमनची खाट उचलली आणि पलीकडे, बालिनारच्या हद्दीतल्या भिंतीला लावली. ईमनला वाटलं, आईनं हलवली. आईला वाटलं, गाय व्यायला झालीय, म्हणून पोरगा गोठ्याजवळ झोपतोय. दोघंही अबोल. कुणी कुणाला विचारलं नाही.

मैदानावर बालिनारचा कर्णधार मार्टिन कीफ हसत म्हणाला, "ईमन, आठवडाभर कुठं झोपलास रे?"

ईमनला खोटं बोलता येत नसे. त्यानं सांगितलं आणि मान खाली घातली. किलमोऱ्याच्या लोकांचे चेहरे उतरले.

मार्टिनचं हसू पाहून त्याची आई ब्रिजिड काय ते समजली आणि गर्दीतून पुढे आली. "खाट तुम्हीच उचललीत ना? आता चूल उचलून दाखवा. माझ्या आजेसासूनं पेटवलेली आहे, अजून विझलेली नाही. ती किलमोऱ्यात आहे."

म्हातारे पंच पोट धरून हसले. म्हणाले, चूल जिथे, गडी तिथला.

त्या दिवशी ईमननं शेवटचा चेंडू असा हाणला, की तो ढगात शिरला आणि भिजून खाली आला, असं म्हणतात. आला तो खांबांच्या मधोमध. किलमोरा जिंकलं.

पुढे बालिनारची बरीच तरणी पोरं अमेरिकेला गेली आणि त्यांना एक गडी कमी पडला. तेव्हा मार्टिन टोपी हातात घेऊन ईमनच्या दारात आला. ईमननं आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. झोपतोस तर त्यांच्यातच."

खाट कुणी परत हलवलीच नव्हती. त्या वर्षी बालिनार जिंकलं.

अजूनही सामन्याआधी दोन्ही कर्णधार आपापल्या गड्यांची नावं पुकारतात. शेवटचं नाव दोघंही ईमन टोबिनचंच घेतात, आणि दोन्हीकडचे लोक एकदमच ओरडतात, "आमचा."